नंदीचा गोग्रास

"घास टाकला गं यानं!" आत्या व्हरांड्यातून ओरडल्या. "आगं, घास टाकला!"

तव्यावरची चपाती तशीच ठेवून मी बाहेर धावले. आत्या पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. हातात तुपात भिजवलेला चपातीचा तुकडा, त्यावर गुळाचा खडा. त्यांनी तो पुन्हा जाळीतून आत धरला. नंदीनं हुंगला, ओठांत घेतला, जबडा एकदा वाकडा हलवला आणि तुकडा खाली सोडून दिला. मग मागे सरकत तो कोपऱ्यात जाऊन बसला. त्याची हनुवटी ओली दिसत होती.

"काल रात्री निम्मा टाकला हुता," आत्या म्हणाल्या. "मला वाटलं पोट भरलं असंल. आज तर पुरता टाकला. तू देऊन बघ जरा."

मी दिला. माझ्या हातचाही त्यानं तसाच टाकला. आत्यांचा चेहरा किंचित सैल झाला.

"म्हणजे माझ्या एकटीच्याच हातचं वंगाळ झालं न्हाय," त्या म्हणाल्या. आणि लगेच पुन्हा काळजीत पडल्या. "पण मग आता मी जेवू कशी?"

नंदी म्हणजे बैल नव्हे, ससा. आणि त्यानं घास टाकला म्हणून माझ्या सासूबाईंनी उपाशी का राहायचं, हे सांगण्यासाठी थोडं मागं जायला हवं.

लग्न होऊन मी कराडच्या पाटबंधारे वसाहतीत आले तेव्हा घरात तिघं होती. माझे यजमान कालव्याच्या कामावर तळ ठोकून असायचे आणि शनिवारी घरी यायचे. म्हणजे आठवडाभर घरात मी, मामा आणि आत्या. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची पद्धत. मामा निवृत्त झालेले, शांत आणि थट्टेखोर. आत्या कडक. मला रागावायच्या नाहीत, पण बोलायच्याही नाहीत. "मीठ दे", "दार लाव", "दूध उतू जाईल" एवढ्यावर आमचं नातं चाललं होतं.

काही महिन्यांनी माझ्या वडिलांची बदली झाली. सामानाच्या टेम्पोत सगळं बसलं, ससा बसेना. आई म्हणाली, "ने बाई तुझा गोट्या तुझ्याकडं." तो पिंजरा घेऊन मी आले तेव्हा आत्या दारातच उभ्या होत्या.

"घरात उंदीर शिरला की माणसं पिंजरा लावत्यात," त्या म्हणाल्या. "ही सून पिंजऱ्यासकट उंदीर घेऊन आली."

ससा व्हरांड्यात राहिला. आत उंबरा ओलांडायची त्याला परवानगी नव्हती, आणि अंगणात सोडायची सोय नव्हती, कारण वसाहतीत भटकी कुत्री फार.

आत्यांचा एक नेम होता. गाईला घास दिल्याशिवाय त्या जेवत नसत. स्वयंपाक झाला की पहिली चपाती गाईची. वसाहतीच्या फाटकाशी दुपारी एका गवळ्याची गाय यायची, आत्या तिला घास द्यायच्या आणि मग ताटावर बसायच्या. त्या गवळ्यानं जनावरं विकली आणि गाय यायची बंद झाली. आत्या हातात चपाती घेऊन गाय शोधत पार बाजारापर्यंत जाऊ लागल्या. कधी तास लागे, कधी दुपार उलटे. मामा म्हणाले, "कावळ्याला घाल." आत्या म्हणाल्या, "कावळ्याचा घास येगळा, गाईचा येगळा. आयुष्यभर हपिसात फायली लावल्या न्हवं तुम्ही? ह्याची फाईल त्याला लावता का?"

अशाच एका दुपारी गाय न मिळाल्यानं त्या परत आल्या, घामाघूम झालेल्या, आणि व्हरांड्यात टेकल्या. समोर पिंजरा.

"हा काय खातो गं?" बहुधा सशाबद्दलचा त्यांचा तो पहिला प्रश्न.

"पाला, गवत."

"मासळी-मटण?"

"छे! शिवत नाही."

"दूध?"

"नाही."

आत्यांनी बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. "गवत खातो, कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. गाईच्याच वळणाचा हाय की." आणि हातातली चपाती मोडून त्यांनी जाळीतून आत धरली. गोट्यानं ती मटकावली.

त्या दिवसापासून तो नंदी झाला. गोग्रास घ्यायचा तर नाव शोभेसं हवं, असं आत्यांचं म्हणणं. आणि त्या दिवसापासून घरातली हवाही बदलली. "सून" होते ती "आमची सून" झाले. "आमच्या सुनेनं आणलाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या. शेजारणींचीही गाय गेलेलीच होती. त्याही घास घेऊन येऊ लागल्या. कुणाच्या घरी पूजा झाली की शिरा, सणाला पुरणाची पोळी, एरवी आमटी-भात. मामा त्याला रोज गाजर द्यायचे. "सगळ्या चित्रात ससा गाजरच खातो. सगळे चित्रकार चुकतील होय?" नंदी गुबगुबीत झाला. व्हरांड्यात बसणाऱ्या बायका, मध्ये आत्या आणि चहा घेऊन येणारी मी, असा आमचा संसार मजेत सुरू झाला होता. मला ते घर पहिल्यांदाच माझं वाटायला लागलं होतं.

आणि आता नंदीनं घास टाकला होता.

आत्यांनी ताट घेतलं नाही. नुसता चहा घेतला. संध्याकाळी पुन्हा घास धरला, नंदीनं पुन्हा टाकला. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, नजर लागली असेल. आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. नंदी शिंकला, पण खाल्लं नाही.

सकाळी मामा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सूनबाई, त्याला गुरांच्या दवाखान्यात ने. नाहीतर दोघांनाही सलाईन लावायची वेळ येईल."

"मी बी येणार," आत्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या आवारात म्हशी, शेरडं, एक पाय बांधलेला खोंड आणि त्यांच्या मधोमध आम्ही दोघी. माझ्या मांडीवर भाजीची टोपली, तिच्यावर फडकं, फडक्यातून बाहेर आलेले दोन कान. शेजारी म्हशीचं दावं धरून बसलेला एक शेतकरी मघापासून बघत होता.

"मावशी," शेवटी त्याला राहवेना, "दूध किती देतं हो ह्ये?"

"तुझ्या म्हशीयेवढंच," आत्या म्हणाल्या. "पण शिंगं मारत न्हाय आन् वैरण मागत न्हाय."

आवारात हशा पिकला. म्हैस तेवढी गंभीर राहिली.

डॉक्टर खैरमोडे तरुण होते, बाह्या वर सारलेल्या, हातावर औषधाचे डाग. टोपलीतले कान बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"ससा! अहो, कॉलेज सुटल्यापासून ससा बघितला नव्हता. या, या, आधी या."

त्यांनी नंदीला टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलं, पुढचे दात पाहिले आणि मान हलवली. "पुढचे ठीक दिसतात." मग कान तपासायची बारीक नळीची बॅटरी घेतली आणि ती त्याच्या तोंडाच्या कडेनं हळूच आत घातली. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. आत्या त्यांच्या खांद्यावरून बघू लागल्या, जणू तिथून त्यांनाही काही दिसणार होतं.

"काय खातो हा?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न आत्यांच्या आवडीचा होता. त्या सरसावून उभ्या राहिल्या. "कशाची कमी न्हाय बघा त्याला. सकाळच्याला तूप लावून चपाती, वर गूळ. दुपारी शेजारचा आमटी-भात. संकष्टीला मोदक. पुरणपोळी म्हंजे त्याचा जीव का प्राण. आमचं मालक गाजर देत्यात. पर सोमवारी उपवास असतोय, तवा नुसता साबुदाणा."

"त्याला उपवास?"

"घराला उपवास. मग त्याला येगळं कुठं शिजवायचं?"

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "आणि गवत?"

"गवत कशापायी?" आत्या म्हणाल्या. "घरात येवढं असताना?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं, आत्यांनाही खुर्ची दिली.

"मावशी, आपली नखं कशी वाढतात? तसे सशाचे दात वाढतात. जन्मभर. पुढचेही आणि मागच्या दाढाही. देवानं त्याला तसंच केलंय, कारण त्यानं दिवसभर गवत चघळायचं असतं. गवत चिवट असतं, त्यात वाळूसारखे बारीक कण असतात. जबडा आडवा फिरवत तासन्‌तास चावलं की दाढा झिजतात. जेवढ्या वाढतात तेवढ्या झिजतात, हिशेब बरोबर. चपाती, भात, शिरा हे मऊ. दोनदा जबडा हलवला की घशाखाली. मग दाढा झिजायच्या कशानं?"

"पण मोठ्या दाढा म्हंजे चांगलंच की," आत्या म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता.

"सरळ वाढत नाहीत ना. तिरप्या वाढतात, आणि कडेला सुरीसारखी टोकं येतात. याच्या खालच्या दाढांची टोकं जिभेत घुसलीत. जखम झालीय. म्हणून लाळ गळते. तो रुसलेला नाही, मावशी. त्याला भूक आहे, म्हणून तर घास तोंडात घेतो. चावलं की दुखतं, म्हणून टाकतो. वर गूळ आणि गाजर. गाजरसुद्धा गोडच, कधीतरी चकतीभर चालतं, रोज नाही."

मला माहेरचं परसदार आठवलं. तिथं गोट्या मोकळा असायचा, कुंपणाच्या आत दिवसभर काहीतरी कुरतडत. आमच्यापैकी कुणी त्याला कधी खायला घातलंच नव्हतं. म्हणून तो गवत खातो एवढंच आम्हाला ठाऊक होतं, गवताशिवाय त्याचं चालत नाही हे नव्हतं.

"मिश्री लावली तर?" आत्यांनी विचारलं. "माझी दाढ दुखत हुती तवा मिश्रीनं थांबली."

"मिश्री नको," डॉक्टर म्हणाले. "टोकं घासून काढायला हवीत, आणि आजच. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि एकदा थांबलं की ते पुन्हा चालू करणं अवघड. पण दोन अडचणी आहेत. एक, माझ्याकडं दात घासायची कानस आहे ती बैलाची." त्यांनी भिंतीवर टांगलेली कानस दाखवली. ती नंदीपेक्षा लांब होती. "ती अडचण सुटेल. पेठेत दातांच्या डॉक्टर ओसवाल आहेत, त्यांचं बारीक यंत्र चालेल. त्या दुपारी जेवायला जातात तेव्हा खुर्ची रिकामी असते."

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"भूल द्यावी लागेल. सशाला भूल जरा नाजूक असते. उठेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. पण केलं नाही तर भुकेनं जाईल, हे मात्र सांगतो." त्यांनी आमच्या दोघींकडं पाहिलं. "कुणाचा आहे ससा?"

मी आत्यांकडं पाहिलं. घरातला कुठलाही निर्णय त्यांच्याशिवाय होत नसे. आज कुठली भाजी हेसुद्धा त्याच ठरवायच्या. पण त्या खाली बघत होत्या.

"तिचा हाय," त्या म्हणाल्या.

"करा," मी म्हणाले.

दुपारी ओसवाल बाईंच्या दवाखान्यात, माणसांच्या खुर्चीत, लहान मुलांसाठीची उशी घालून नंदीला ठेवलं. ओसवाल बाई जेवायला गेल्याच नाहीत. "मी डबा उभ्यानं खाईन, पण हे बघितल्याशिवाय जाणार नाही," म्हणाल्या. मला आणि आत्यांना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. भिंतीवर दातांचं मोठं चित्र होतं, आणि आत्या त्याच्याकडं पाठ करून बसल्या होत्या.

आतून यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला. तेवढ्यात गालाला रुमाल बांधलेला एक गृहस्थ जिना चढून आला.

"आत कोण आहे?" त्यानं कण्हत विचारलं.

"नंदी," आत्या म्हणाल्या.

"कोण नंदी?"

"आमचा. दाढा वाढल्यात त्याच्या."

"फार वेळ लागेल का?"

"काय सांगावं. भूल दिलीया."

"दाढेसाठी पुरती भूल?" गृहस्थानं रुमाल घट्ट धरला.

"उठंलच असं डाक्टर छातीठोक सांगत न्हाईत," आत्या म्हणाल्या.

गृहस्थ आल्या पावली जिना उतरला. उतरताना तो गालाला हात लावत नव्हता, हे मी पाहिलं.

मला हसू आवरेना. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, आधी रागानं, मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्याही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत यंत्र थांबलं होतं. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. 

मग दार उघडलं. "उठला," खैरमोडे म्हणाले. "आणि उठल्या उठल्या बाईंच्या बोटाला चावला."

सूचना त्यांनी सावकाश दिल्या. दुखणं कमी व्हायचं औषध. वाळलेल्या गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या पिचकारीनं थोडी थोडी तोंडात सोडायची. समोर सतत गवत ठेवायचं, ओलं आणि वाळलेलं. त्यानं आपण होऊन गवताला तोंड लावलं की धोका टळला असं समजायचं. बाकी काहीही नको.

"मावशी," शेवटी ते आत्यांकडं वळले, "चपातीचा घास त्याला विष आहे असंच समजा."

रिक्षात आत्या टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिल्या.

रात्रभर आणि दुसऱ्या सकाळी मी पिचकारीनं ती हिरवी पेज पाजली. नंदी गिळायचा, पण समोर ठेवलेल्या गवताकडं बघायचाही नाही. मामा वसाहतीमागून गवताचा भारा घेऊन आले होते. "रिटायर झाल्यावर गवत कापीन असं वाटलं नव्हतं," म्हणाले. आत्या चहावरच होत्या. एकादशीसारखा चेहरा करून त्या स्वयंपाकघरात वावरत होत्या. मी दोनदा "जेवून घ्या" म्हटलं, दोनदा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुपारी स्वयंपाक झाला. आत्यांनी नेहमीप्रमाणे पहिली चपाती बाजूला काढली आणि तिचा एक लहान तुकडा मोडला. तूप नाही, गूळ नाही. तो घेऊन त्या व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग गेले.

त्या पिंजऱ्यापाशी बसल्या. मी त्यांच्या आणि जाळीच्या मध्ये हात ठेवला.

"आत्या, नाही."

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"नखायेवढा हाय," आत्या म्हणाल्या. "नुसता ओठाला लावती. नखायेवढ्यानं काय हुतंय?"

"नाही."

"मग मी उपाशी बसू?"

"तुम्ही जेवा. पण हा घास नको."

 मी हात काढला नाही. सहा महिन्यांत त्या घरात मी कुणालाही नाही म्हणाले नव्हते. आता त्या घरात आठवडाभर पुन्हा "मीठ दे" आणि "दार लाव" सुरू होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी हात मागे घ्यावा असं वाटेना, कारण जाळीपलीकडं तो ओल्या हनुवटीचा प्राणी बसला होता.

आत्या उठल्या. तुकडा त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर निघून गेल्या.

"गेल्या," मी म्हणाले.

"जाऊ दे," मामा म्हणाले. मग माझ्याकडं बघत राहिले. "काय म्हणालीस तू मघाशी?"

"नाही, म्हणाले."

"तेच. लग्न झाल्यापासून मी तो शब्द म्हणायचा सराव करतोय. तुला पहिल्या खेपेला जमला."

मला हसू आलं नाही. मी तिथंच पायरीवर बसून राहिले. स्वयंपाकघरात आमटी निवत होती.

आत्या परत आल्या तेव्हा लुगड्याचा ओचा भरलेला होता. त्या माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या आणि ओचा सोडला. दूर्वा. ओल्या, मातीच्या, मुळांसकट उपटलेल्या दूर्वांचा ढीग.

"पाण्याच्या पाटाच्या कडंला लई हायत," त्या म्हणाल्या. "धर, निवडू लाग."

आम्ही दोघी दूर्वा निवडू लागलो. मुळं खुडायची, पिवळी पानं काढायची, माती झाडायची. थोड्या वेळानं आत्या खाली मान घालूनच बोलू लागल्या.

"मी लगीन होऊन गावाकडं आले तवा माझी सासू लई कडक. ह्यांना विचार. घरात बाराजण माणसं, आन् माझ्याशी बोलायला एक न्हाय. मोठ्यांपुढं बोलायची सोय न्हाय, बारक्यांशी बोलले तर सासू 'काम कर' म्हणायची. दुपारी गाईला घास द्यायचं काम माझ्याकडं हुतं. तेवढीच मी एकटी गोठ्यात जायची. घास द्यायची आन् बोलायची. आईची आठवण आली, भाजी करपली, कोण काय म्हणलं, सगळं तिला सांगायची. गाय लई चांगली. ऐकून घेती, आन् कुणाला सांगत न्हाय."

त्यांनी एक काडी उन्हात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"पुण्य-बिण्य नंतरचं, पोरी. गाय गेली तशी मी मुकी झाले हुते. मग ह्यो मिळाला. आता डाक्टर म्हणतोय, तुझा घास म्हंजे विष. माझ्या डोक्यात एकच आलं, हे बी बोलणं बंद झालं."

 सहा महिने मी समजत होते की त्या माझ्याशी बोलत नाहीत कारण मी त्यांना आवडत नाही. त्यांना बोलताच येत नव्हतं. सुनेशी कसं बोलायचं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

"मघाशी तू नाही म्हणलीस," आत्या म्हणाल्या. "मला आधी राग आला. पाटापर्यंत राग हुता. मग तिथं बसले आन् वाटलं, मी माझ्या सासूला जलमभर नाही म्हणले न्हाय. ती गेली तरी न्हाय. एकदा म्हणले असते तर काय झालं असतं? ती बोलली असती की काहीतरी उलटं. तेवढंच बोलणं झालं असतं."

"तुम्ही माझ्याशी बोललेलं मला चालेल," मी म्हणाले. "पण मी गाय नाही. मी उलटून बोलीन."

"ते दिसलंच," आत्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला कोपरानं ढोसलं.

दूर्वा धुऊन झाल्यावर त्या उठल्या. "आता ऐक. गोग्रास म्हंजे आपल्या ताटातला घास. आपण खायाचं, त्यातलंच त्याला. ह्यात बदल न्हाय. आपण येक खायाचं आन् त्याला दुसरं टाकायचं, त्याला गोग्रास म्हणत न्हाईत. त्याला वैरण म्हणत्यात."

"पण आत्या, आपण गवत कुठं..."

"त्येच म्हणती मी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामांना ताटावर बोलावलं तेव्हा ते ताटाकडं बघतच राहिले. "हे काय?"

"दूर्वा."

"गणपतीच्या?"

"तुमच्या. येक काडी खायाची. नीट चावून."

"अगं, मी पाटबंधारे खात्यात होतो, कोंडवाड्यात नव्हतो!"

"दूर्वांचा रस थंड असतो. तुमचं डोकं तापतंय सारखं."

मामांनी एक काडी तोंडात घातली आणि चघळू लागले. जबडा आडवा फिरत होता. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "सूनबाई, आज एकदाच नाही म्हणालीस तर गवत. उद्या पुन्हा म्हणू नकोस, कडबा वाढेल ही."

आत्यांनीही एक काडी खाल्ली, तोंड वाकडं न करता. मग ताटातली उरलेली जुडी उचलून त्या व्हरांड्यात गेल्या. मामा आणि मी मागे. आत्या जाळीपाशी बसल्या आणि जुडी आत धरली.

नंदीनं हुंगलं. मान फिरवली. आत्या हलल्या नाहीत.

"खा रं बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "मी बी खाल्लीया. वाईट न्हाय लागत. जरा कडू हाय येवढंच."

तो पुन्हा वळला. एक काडी त्याच्या ओठांत गेली.  काडी तोंडाबाहेर लोंबत होती, तिचं टोक हललं, मग सावकाश, झटक्याझटक्यानं, ती आत आत जाऊ लागली. जबडा आडवा फिरत होता, डावीकडून उजवीकडं, आणि कुरकुर असा बारीक, सलग आवाज येत होता. ती संपली. त्यानं दुसरी ओढली.

आत्या त्या आवाजाकडं कान लावून बसून राहिल्या. जुडी संपत आली तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि मला म्हणाल्या, "उठव मला. आन् वाढ. पोटात कावळे ओरडाय लागलेत."

मी त्यांना हात दिला. घरात नवी सून मागाहून जेवायची, तशी मी रोज आत्यांचं जेवण आटोपल्यावर ताट घ्यायचे. म्हणून आत जाऊन मी आत्यांचं ताट पुढं ओढलं आणि आमटीचं भांडं घेतलं.

"आधी तुझ्यात वाढ," आत्या म्हणाल्या.

आत्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता, आणि त्यापुढच्या ताटात, मिठाच्या बाजूला, धुतलेल्या दूर्वांची एक काडी ठेवलेली होती.